सिनेटर तुमच्याशी बोलतच नाहीये

ताई,
मी २०१३ पासून अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा आय-१४० अर्ज मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१६ ची, त्यामुळे ग्रीन कार्ड कधी ते विचारू नका. बायको माझ्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर आहे, ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असल्यामुळे नोकरी करते. मुलगी इथेच जन्मली. गेल्या वर्षभरात मला एक्सवर राजकारण्यांशी वाद घालायची सवय लागलीय. एका सिनेटरने लिहिलं होतं, 'या देशात येणं हा कुणाचा हक्क नाही, ती आमची मेहेरबानी आहे. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हा सरकारचा संपूर्ण अधिकार आहे.' मी राज्यघटनेचा दाखला देऊन उत्तर दिलं. त्यांनी माझी पोस्ट उचलली आणि वर लिहिलं, 'पटत नसेल तर विमानतळ माहीत आहेच.' दोन दिवस हजारो अनोळखी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मी तरीही उत्तरं देत राहिलो, तेव्हा त्यांनी मला ब्लॉक केलं. थोड्याच आठवड्यांत आम्हाला स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला, भारतात जायचंय. बायको घाबरट झालीय, म्हणते, सगळ्या पोस्ट काढून टाक. मित्र म्हणतात, अकाउंटच उडव. मी म्हणतो, मी इथे कर भरतो, बोलायचा हक्क मलाही आहे. घरात अबोला आहे. माझं चुकतंय का? सरकारला खरंच एवढा अधिकार असतो का? आणि लोकप्रतिनिधीने असं ब्लॉक करणं कायद्यात बसतं का?
– अस्वस्थ करदाता, न्यू जर्सी

प्रिय अस्वस्थ करदाता,

पत्रासोबत तुम्ही एकोणीस स्क्रीनशॉट पाठवलेत. मी सगळे वाचले आणि त्यांच्या वेळाही पाहिल्या. चौदा पोस्ट रात्री साडेअकरानंतरच्या आहेत. त्या वेळी तुम्ही सिनेटरशी बोलत होतात आणि शेजारी कुणीतरी झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं, असं मला उगाच वाटून गेलं.

आधी सिनेटरचं बघू. ते तुमच्याशी वाद घालतच नव्हते. अशा हँडलवर लिहिणारी बोटं बहुतेकदा कार्यालयातल्या पगारी माणसांची असतात, पण ते सोडून देऊ. तुमची पोस्ट त्यांनी उचलली ती आपल्या लोकांना दाखवायला: बघा, बाहेरून आलेला माणूस आपल्याला आपली घटना शिकवतोय! भारतीय नाव, नीटस इंग्रजी, वर कलमांचे आकडे. त्यांना हवा होता तो नमुना तुम्ही आयता पुरवलात. तमाशातला सोंगाड्या पुढच्या रांगेतला एखादा पागोटेवाला हेरतो आणि त्याची फिरकी घेतो. हशा पिकतो तो मागच्या रांगांत. पागोटेवाल्याने उठून खुलासा द्यायला सुरुवात केली की हशा दुप्पट होतो. तुम्ही दोन दिवस खुलासे देत होतात.

आता अधिकाराचं. मी वकील नाही, हे आधी सांगते. पण माझं स्वतःचं ग्रीन कार्ड यायला नऊ वर्षं लागली आणि त्या काळात मी इमिग्रेशनचे जुने खटले लोक रहस्यकथा वाचतात तसे वाचून काढले. त्यातून जे कळलं ते असं की सिनेटर अर्धे बरोबर आहेत. त्यांची ती अर्धी बाजू तुम्ही समजूनच घेतलेली नाही, आणि उरलेली अर्धी, जी तुमची होती, ती मांडायची राहिली.

त्यांची अर्धी बाजू चे चान पिंग नावाच्या मजुराच्या पाठीवरून आलेली आहे. हा माणूस १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ मध्ये तो चीनला घरी गेला, आणि जाताना परत येण्याचा अधिकृत दाखला घेऊन गेला. अगदी आपण आय-७९७ या मंजुरीपत्राची प्रत फाइलमध्ये घालून निघतो तसा. तो परतीच्या जहाजावर असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, असे सगळे दाखले रद्द करणारा कायदा झाला. ८ ऑक्टोबरला जहाज बंदरात लागलं आणि त्याला उतरू दिलं नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. परदेशी माणसाला आत घ्यायचं की नाही हा सार्वभौम सत्तेचा प्रश्न आहे आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दिलेली परवानगी काँग्रेस कधीही काढून घेऊ शकते, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल आजही इमिग्रेशन कायद्याच्या पायात आहे. सिनेटर 'संपूर्ण अधिकार' म्हणतात तेव्हा त्यांना हे माहीत असो वा नसो, ते त्या जहाजाबद्दल बोलत असतात.

पण त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८६ मध्ये, त्याच शहरातल्या यिक वो या धोबीखान्याच्या खटल्यात तेच न्यायालय वेगळं बोललं होतं. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवाना लागेल असा नगरपालिकेचा नियम होता. दिसायला साधा. प्रत्यक्षात चिनी अर्जदारांना सरसकट नकार आणि इतरांना जवळजवळ सगळ्यांना परवाने. न्यायालय म्हणालं, चौदावी घटनादुरुस्ती 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते, तेव्हा समान संरक्षण यांनाही आहे. १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोदी कामगार पुढाऱ्याला हाकलण्याचा सरकारचा प्रयत्न फसला, तेव्हा या देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे असं न्यायालयाने लिहून ठेवलं. (सात वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच न्यायालयाने पूर्वी कधीतरी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या तीन जुन्या रहिवाशांची हकालपट्टी मान्य केली. म्हणून म्हणते, एका निकालावर विसंबून रात्री साडेअकराला उडी मारू नये.)

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो जगदीश राय चढ्ढांचा खटला. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, हातात ब्रिटिश पासपोर्ट, १९६६ मध्ये ओहायोत शिकायला आलेले. व्हिसा संपला आणि परत जायला देश उरला नाही. इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची हकालपट्टी थांबवली. तेव्हाच्या कायद्यात एक खुंटी होती: काँग्रेसचं एकच सभागृहसुद्धा असा निर्णय उलटवू शकत असे. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावं खोडली. चर्चा नाही, मतमोजणी नाही. त्या सहांत चढ्ढा होते. ते लढत राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की एका सभागृहाने असा परस्पर नकाराधिकार वापरणं घटनेत बसत नाही. तशीच तरतूद असलेले जवळपास दोनशे कायदे एका फटक्यात लंगडे झाले. व्हिसा संपलेल्या एका माणसाने काँग्रेसला तिच्याच अधिकाराची हद्द आखून दिली! 'सरकारचा संपूर्ण अधिकार' याला उत्तर द्यायचंच होतं तर हे होतं: सरकार म्हणजे नक्की कोण? काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष की खिडकीपलीकडचा अधिकारी? आणि तो अधिकार कुठल्या रीतीने वापरायचा? तुम्ही मात्र 'मी कर भरतो' असं लिहिलंत. कर सगळेच भरतात हो. पर्यटकसुद्धा विक्रीकर भरतो.

स्क्रीनशॉटमधली सातवी पोस्ट मला सगळ्यात खटकली, आणि तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नसलं तरी मी बोलणार आहे. 'आम्ही सीमा ओलांडून आलेल्यांसारखे नाही, आम्ही कायदेशीर, उच्चशिक्षित लोक आहोत.' हा युक्तिवाद नवा नाही. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्या काळी नागरिकत्व गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. थिंद यांच्या बाजूने मांडणी झाली ती अशी की हे उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणजे शास्त्राप्रमाणे कॉकेशियनच. इतर आशियाई लोकांत यांना मोजू नका. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सामान्य गोऱ्या माणसाला जो गोरा वाटतो तोच गोरा. थिंद यांचं नागरिकत्व गेलं आणि आधी मिळवलेल्या इतर अनेक भारतीयांचंही सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांना ते अखेर मिळालं १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्यामुळे. त्यांच्या उच्च जातीने त्यात काडीची मदत केली नाही.

तेव्हा 'आम्ही त्यांच्यातले नाही' ही ढाल शंभर वर्षांपूर्वीच फुटलीय. तुमच्यावर तुटून पडलेल्या त्या हजारो लोकांनी तरी कुठे विचारलं, की बाबा तू सीमा ओलांडून आलास की एच-वन-बीची लॉटरी लागून? ज्याची स्थिती तुमच्याहून नाजूक आहे त्याला पुढे ढकलून आपण सुरक्षित होत नाही. शिवाय ते शोभतही नाही. ती पोस्ट मात्र काढायला माझी काहीच हरकत नाही.

ब्लॉकचं थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरन शहराच्या व्यवस्थापकाच्या फेसबुक पानावरून झालेल्या खटल्यात कसोटी घालून दिली. त्या व्यक्तीला सरकारच्या वतीने बोलण्याचा खरोखरचा अधिकार होता का, आणि ती पोस्ट लिहिताना तो अधिकार आपण वापरतोय असं तिने भासवलं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच तो सरकारने केलेला ब्लॉक ठरतो. तुमच्या सिनेटरचं ते हँडल प्रचाराचं दिसतंय. खटला उभा राहणं कठीण, आणि राहिला तरी मिळणार काय? पुन्हा शिव्या खायची सोय. ब्लॉक ही त्यांच्याकडून तुम्हाला मिळालेली एकमेव चांगली गोष्ट आहे असं समजा.

आता बायकोचं. खरं पत्र तिथेच आहे. बाकीचं तुम्ही पाकिटावर लिहिलंय.

तुम्ही लिहिता, ती घाबरट झालीय. मला ती हिशेबी वाटते. तुम्ही आत आहात तोवर ब्रिजेस तुमच्या बाजूने उभा आहे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी बॉस्टनच्या संघीय न्यायाधीशांनीही लिहिलं की कायदेशीर राहणाऱ्या परदेशींना नागरिकांइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे. पण तो खटला उभा राहिला तोच मुळी बोलण्या-लिहिण्यावरून परदेशी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना पकडलं म्हणून. निकाल येण्याआधी काहींनी कितीतरी दिवस कोठडीत काढले. आणि स्टॅम्पिंगसाठी तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकलंत की तुम्ही ब्रिजेसच्या बाजूकडून चे चान पिंगच्या जहाजावर जाता. १९७२ चा मँडेल खटला वाचा. अर्नेस्ट मँडेल या बेल्जियन मार्क्सवादी विचारवंताला अमेरिकी प्राध्यापकांनी चर्चेसाठी बोलावलं होतं, सरकारने व्हिसा नाकारला. सरकारने वरकरणी योग्य आणि प्रामाणिक कारण दिलं असेल तर आम्ही त्यामागे डोकावणार नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२४ च्या म्युन्योझ खटल्यात तर अमेरिकी नागरिक असलेल्या बायकोलाही परदेशी नवऱ्याच्या व्हिसानकाराला आव्हान देता आलं नाही. व्हिसाच्या खिडकीपुढे वाद चालत नाही.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सगळी हँडल लिहावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांचीही ऑनलाइन तपासणी सुरू झाली आणि प्रोफाइल सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं गेलं. म्हणून मित्रांचा 'उडव' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. उडवलेलं हँडलही अर्जात लिहावंच लागतं, आणि लपवलं तर ते खोटी माहिती देणं ठरतं. सरकारच्या धोरणावर सभ्य टीका करणं आणि अर्जात खोटं बोलणं यात दुसरं कितीतरी महाग पडतं. तिकीट काढण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन एक तास बसा, हे एकोणीस स्क्रीनशॉट त्याच्यापुढे ठेवा आणि बायकोला सोबत न्या. ती सोबत असणं माझ्या मते वकिलाइतकंच गरजेचं आहे.

कारण तुमचा हक्क तुमचा एकट्याचा असला तरी जोखीम एकट्याची नाही. एच-फोर एच-वन-बीवर टांगलेला असतो. तुमचा व्हिसा अडला की तिचा अडला, तिची नोकरी अडली, मुलीची शाळा अडली. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे काडी कधी ओढायची हे ओल्याला कुणी विचारलंच नाही. तिला तुमचं राजकारण पटत नाही असं पत्रात कुठेच दिसत नाही. तिच्याशी न बोलता तुम्ही तिचा व्हिसाही पणाला लावलात, तिचा राग त्याचा आहे. तुम्ही तिला घटनेचं कलम सांगितलंत. तिने 'मला आधी विचारलं होतंस का' असं विचारलं, तर त्याला कलम नाही.

मी गप्प बसायला सांगतेय का? नाही. गप्प बसलेल्यांनी काही मिळवल्याचं माझ्या वाचनात नाही. फक्त तोंड योग्य दिशेला करा.

तुमची बायको आज नोकरी करते ती २०१५ च्या एका नियमामुळे. तो काँग्रेसने केलेला कायदा नव्हे. गृहसुरक्षा खात्याने मसुदा प्रसिद्ध केला, लोकांनी हरकती-सूचना पाठवल्या, मग नियम झाला. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार नव्या नियमांच्या मसुद्यावर सामान्यतः असं मत मागवावं लागतं, आणि ते द्यायला नागरिक असण्याची अट नाही. खात्याला महत्त्वाच्या मुद्द्यांची लेखी दखल घ्यावी लागते. घेतली नाही तर तो नियम न्यायालयात टिकणं अवघड होतं. तिथे कुणी तुमच्या पोस्टवर हसत नाही. तुमच्यातला कलमं काढून आकडे जुळवणारा माणूस तिथे खरा उपयोगी आहे. वर्षाला नोकरीवर आधारित साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायका-मुलं मोजायची, त्यावर एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा: या तीन आकड्यांनी एका घराचं काय होतं ते दोन पानांत लिहा. स्वतःच्या घराचं लिहा. तेवढं वजन कुठल्याही पोस्टला येणार नाही.

दुसरी जागा तुमच्या स्वतःच्या मतदारसंघातलं प्रतिनिधीचं कार्यालय. दूरच्या राज्यातला सिनेटर तुमचं काही लागत नाही. तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात मात्र रहिवाशांच्या अडलेल्या अर्जांसाठी माणसं नेमलेली असतात, आणि तिथे जायला मतदार असावं लागत नाही. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याशी वर्षातून दोनदा अर्धा तास बोलणं कंटाळवाणं असतं. मी केलंय. एकाने माझं आडनाव तीन भेटींत तीन तऱ्हांनी लिहिलं. पण देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, त्यामागे अशाच कंटाळवाण्या भेटी होत्या. पुढे सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी वेगळी आवृत्ती मंजूर केली, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. आपला घास असा ओठांपाशी येऊन गेला, हे मान्य. पण तो ओठांपर्यंत आला होता. फक्त उत्साहाच्या भरात कुणाच्या निवडणुकीला देणगी देऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला ते कायद्याने बंद आहे, पंचवीस डॉलरसुद्धा.

आणि एक्सवर लिहायचंच झालं तर सिनेटरला उत्तर म्हणून लिहू नका. खाली शेकडो माणसं न बोलता वाचत असतात, त्यांच्यासाठी लिहा. एक मुद्दा, एक खरी हकीकत, चढ्ढांची लिहा हवं तर, आणि मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. लिहिण्याआधी ते शेजारी झोपलेल्या माणसाला वाचून दाखवा. ती 'टाक' म्हणाली तर टाका. 'परत आल्यावर टाक' म्हणाली तर परत आल्यावर टाका.

तुमची,
ताई

ता. क. शेवटच्या स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या प्रोफाइलवरची ओळ दिसली: 'करदाता. मतदार. बाप.' भारतातल्या मतदारयादीत नाव असेल तर ते तसं स्पष्ट लिहा, नाहीतर 'मतदार' आजच्या आज खोडा. अमेरिकेत स्वतःला नागरिक असल्याचं भासवणं हा इमिग्रेशन कायद्यातला सगळ्यात चिवट डाग आहे, आणि तुमचं म्हणणं तसं नव्हतं हे खिडकीपुढे उभं राहून समजावत बसायची वेळ कशाला आणता? बाकीचे दोन शब्द राहू द्या.